चार शेळ्या घ्यायच्या आहेत, पण कोणत्या जातीच्या?

पत्र

डॉक्टर साहेब, नमस्कार.

आमची औसा तालुक्यात अडीच एकर जमीन आहे. विहिरीचं पाणी मार्चपर्यंत पुरतं, पुढे पिण्यापुरतंच राहतं. घरात लहान-मोठी सात माणसं आहेत. मागच्या वर्षी म्हैस विकली, तेव्हापासून दूध विकत आणतो. तो खर्च झेपत नाही, म्हणून घरच्या दुधासाठी तीन-चार शेळ्या पाळाव्यात असं मनात आहे. पुण्याचे दीर मोबाईलवर व्हिडिओ पाहून म्हणतात, सानेन किंवा जमुनापारी घ्या, तीन-तीन लिटर दूध देते. शेजारच्या गावात एक जण बीटल विकतो, भाव फार सांगतो. सासूबाई म्हणतात, आपली उस्मानाबादीच बरी. कोणाचं ऐकू? शिवाय सासरे माळकरी आहेत. बोकड खाटकाला द्यायचं त्यांना पटणार नाही, त्याचं काय करायचं? जाऊबाईंचं बाळ आठ महिन्यांचं आहे, त्याला शेळीचं दूध चालेल का?

– एक वाचक भगिनी

उत्तर

ताई, नमस्कार.

सासूबाईंचं ऐका. मात्र उस्मानाबादी घ्यायचं ठरलं म्हणजे अर्धंच काम झालं. कोणती उस्मानाबादी घ्यायची, हे त्याहून महत्त्वाचं आहे आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य पाण्याचं आहे. विहीर मार्चपर्यंत पुरते. म्हणजे एप्रिल आणि मे महिन्यांत, आणि पाऊस लांबला तर जूनभर, तुमच्याकडे हिरवा चारा जवळपास नसणार. जातीची निवड त्या अडीच-तीन महिन्यांकडे बघून करायची. दिवाळीत शेतात सगळं हिरवं असताना कोणतीही शेळी चांगली दिसते.

दिरांनी सांगितलेल्या जाती वाईट नाहीत, त्या त्यांच्या मुलखात उत्तमच आहेत. सानेन स्वित्झर्लंडची. पांढरी, गुलाबी कातडीची, थंड डोंगरातल्या कुरणांवर वाढलेली. तीन लिटर दूध ती देते हे खरं आहे, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. तिथे तिची कातडी भाजते, ती धापा टाकते, खाणं सोडते आणि मग दूधही सोडते. पंखे, फॉगर आणि बारमाही लुसर्न घास असलेल्या फार्मवर ती जगवता येते. तुमच्या अंगणात तिचे हाल होतील. जमुनापारी उत्तर प्रदेशातल्या इटावा भागातली, यमुना-चंबळच्या खोऱ्यातली. उंच, लांब कानांची, पोपटासारख्या नाकाची, दिसायला राजेशाही. तिला झुडपी रानात फिरून पाला ओरबाडायची सवय असते. दावणीला बांधून ती तितकीशी खुलत नाही. आपल्या उस्मानाबादीपेक्षा जुळी करडंही तिला कमी होतात.

बीटल पंजाबची, गुरदासपूर-अमृतसरकडची. दुधाला चांगली, अंगानं मोठी. अडचण त्या मोठ्या अंगाचीच आहे. शेळीला रोज साधारण वजनाच्या चार टक्के सुका चारा-खुराक लागतो. हिरवा चारा दिला तरी त्यातलं पाणी वजा करून हाच हिशोब धरायचा. बत्तीस किलोच्या उस्मानाबादीचं सव्वा ते दीड किलोत भागतं. पंचेचाळीस-पन्नास किलोच्या बीटलला पावणेदोन-दोन किलो लागतं, आणि त्यातला मोठा वाटा दुधाआधी तिचं स्वतःचं शरीर खातं. चारा कमी पडला की आधी ती वाळते, मग दूध आटतं, मग माजावर येत नाही. असं झालं की एका वेताचं दूध मिळतं आणि पुढचं वर्ष भाकड जातं. शिवाय आपल्या बाजारांत बीटल म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी शेळ्या संकरित असतात. नुसत्या लांब कानांवर भाव ठरवू नका.

बाहेरच्या जातींपैकी मनापासून सुचवावी अशी एक आहे, सुरती. गुजरातची, पांढरी, आटोपशीर बांध्याची, घराच्या अंगणातच पाळली जाणारी. दीड-दोन लिटर देणारी सुरती मिळू शकते. लांब चालणं तिला मानवत नाही, म्हणून बांधून पाळणाऱ्यांना ती सोयीची. पण तिला वर्षभर नेमानं चारा लागतो. तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं, तर माझं उत्तर कदाचित सुरती असतं. नगर-नाशिककडची संगमनेरीही दुधाला बरी आहे आणि आपल्या हवेत टिकते. खात्रीच्या घरची संगमनेरी मिळाली तर नाही म्हणू नका. पण तिच्यासाठी पायपीट करायची गरज नाही.

आता उस्मानाबादी. धाराशिव, लातूर, तुळजापूर, उदगीर हा तिचा मूळ मुलूख. म्हणजे तुम्ही तिच्या माहेरीच राहता. बहुतेक काळी, काही तपकिरी किंवा ठिपक्यांची. लोक तिला मटणाची जात म्हणतात, आणि बोकडाला मागणी आहे म्हणून ते खरंही आहे. पण ती दूधही देते, दिवसाला अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत, साधारण चार महिने. अर्धा आणि दीड या आकड्यांकडे नीट बघा, ताई. एकाच जातीतल्या दोन शेळ्यांत तिप्पट फरक आहे. बाजारात डोळे झाकून उस्मानाबादी घेतली तर अर्ध्या लिटरची हाती येण्याचीच शक्यता जास्त, कारण तिथे शेळी अंगावर बघून घेतात, कासेवर नाही. तुम्हाला दीड लिटरच्या जवळ जाणारी शोधायची आहे. ती हाळी-हंडरगुळीच्या बाजारात मिळण्यापेक्षा तुमच्याच पंचक्रोशीत, एखाद्या म्हातारीच्या दावणीला मिळण्याची शक्यता अधिक. “कोणाच्या घरी शेळीच्या दुधाचा चहा होतो?” असं विचारत फिरा. त्या घरी दुधाची शेळी असते. तिथली शेळी विकायला नसली तरी तिची पाठ, म्हणजे मादी करडू, मिळू शकते.

बघायला जाल तेव्हा दुसऱ्या वेताची, करडं पायाशी असलेली शेळी बघा. पहिलटकरणीचं दूध अजून कळलेलं नसतं, आणि चौथ्या-पाचव्या वेताच्या पुढची लोक का विकतात हे तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी जा. मालकाला समोर पूर्ण पिळायला सांगा, करडं रात्रभर वेगळी बांधायला सांगा आणि सकाळी पुन्हा जाऊन मापानं दूध मोजा. बारा तासांचं सहाशे-सातशे मिली निघालं तर ती शेळी तुमची. हे एवढं का करायचं, तर विकायच्या दिवशी दूध न काढता कास तुंबवून ठेवायची पद्धत आहे. टम्म कास बघून माणूस भुलतो. पिळल्यावर कास मऊ पडली पाहिजे, कातडी सैल लोंबली पाहिजे. पिळूनही तेवढीच भरलेली दिसली तर ती मांसल कास आहे, दुधाची नाही. दोन्ही सड सारखे असावेत. कासेत गाठ लागली किंवा पहिल्या धारेत कण आले तर भाव कितीही उतरला तरी घेऊ नका. एकदा दगडी झालेल्या कासेचा तो भाग पुन्हा पहिल्यासारखं दूध क्वचितच देतो.

दात बघायला सासूबाईंना सोबत न्या. दोन-चार दाती शेळी तुमच्या कामाची. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. आतून गुलाबी-लाल हवी. पांढरट दिसली तर अंगात रक्त कमी आहे, बहुधा पोटात जंत आहेत. लेंड्या सुट्या, नाक कोरडं, चाल सरळ असावी.

सुरुवातीला दोनच घ्या, उरलेल्या दोन नंतर. एक घेऊ नका, एकटी शेळी ओरडून ओरडून खाणं सोडते. चारही एकदम नकोत, कारण चारही एकाच वेळी व्यायल्या तर चार महिने दुधाचा पूर आणि मग आठ महिने काहीच नाही. उस्मानाबादीचा मोठा गुण इथे उपयोगी पडतो. ती वर्षभरात केव्हाही माजावर येऊ शकते, त्यामुळे विण्याचे महिने तुम्हाला बऱ्याच अंशी ठरवता येतात. गाभणकाळ पाच महिन्यांचा. दोन शेळ्या मे अखेर ते जूनमध्ये भरवल्या तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वितात. उरलेल्या दोन ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरमध्ये भरवल्या तर जानेवारी अखेर-फेब्रुवारीत वितात. अशा रीतीनं दिवाळीपासून मिरगापर्यंत कोणाची ना कोणाची धार चालू राहते. जूनपासून दिवाळीपर्यंतचे चार-पाच महिने मात्र दूध विकत आणायची तयारी ठेवा. भर पावसात करडं जन्माला आली की सर्दी-न्यूमोनिया आणि जंतांनी मरतात, त्यापेक्षा ते महिने शेळ्यांना विश्रांती मिळालेली बरी. दोन वर्षांत तीन वेतं घ्या असं तुम्हाला सांगितलं जाईल. उस्मानाबादी तशी वितेही. पण तुमच्या चाऱ्यावर वर्षाला एकच वेत घ्या, शेळी जास्त वर्षं टिकेल.

माज चुकला तर घाबरू नका, अठरा ते एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर येते. माज दीडेक दिवस टिकतो, म्हणून लक्ष हवं. चार शेळ्यांसाठी बोकड पाळू नका. त्याला वर्षभर खाऊ घालावं लागतं, आणि तो जवळ असला की दुधाला वास लागतो. गावातला चांगला बोकड बघून ठेवा. तो जुळ्यातला असावा आणि त्याची आई दुधाची असावी. बोकडाची आई बघायची, हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या पाठींच्या कासेत तिचं दूध उतरतं. आणि तुमच्याच शेळीपासून झालेला बोकड तिच्या मुलींवर लावू नका.

दुधाचा खरा हिशोबही आधीच सांगतो. सव्वा लिटर देणारी शेळी म्हणजे तुमच्या भांड्यात सव्वा लिटर नाही, त्यात करडांचा वाटा आहे. जन्मल्याबरोबर, पहिल्या तासाच्या आत, करडांना चीक मिळालाच पाहिजे. पहिले दोन-तीन आठवडे जुळी करडं बहुतेक सगळंच पितील, पिऊ द्या. नंतर रात्री करडं वेगळ्या खुराड्यात ठेवा, सकाळची धार तुम्ही काढा आणि दिवसभर त्यांना आईजवळ सोडा. या पद्धतीनं एका शेळीमागे सकाळचं सहाशे मिली मिळतं, करडंही वाढतात आणि संध्याकाळी धारेची घाई राहत नाही. दोन दुभत्या असताना सव्वा लिटर हाती येईल. सात माणसांचा चहा आणि दोन मुलांचं दूध त्यात भागेल. सासूबाईंना साय साठवून तूप कढवायचं असेल तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा. या दुधातले स्निग्ध कण फार बारीक असतात, साय जाड धरत नाही. दहीही गाईच्या दह्यापेक्षा पातळ लागतं. दुधाला वास येतो अशी तक्रार असते, ती बोकड, घाण कास आणि झाकण न लावलेलं भांडं यांच्यामुळे. गोठ्याबाहेर स्वच्छ जागी, कास धुऊन-पुसून धार काढा आणि लगेच तापवा, वास येणार नाही.

चाऱ्याचं काम शेळ्या आणण्याच्या आधी सुरू करायचं. अडीच एकरांच्या बांधावर शेवगा, हादगा, सुबाभूळ लावा. पाच गुंठे दशरथ घासाला द्या, तो दाट होतो आणि कापला की पुन्हा फुटतो. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, त्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी घटकामुळे शेळीचे केस गळतात. बोर, बाभूळ, अंजन असेल तर तोडू नका. विहीर आटल्यावर हीच झाडं कामाला येतात. बाभळीच्या वाळलेल्या शेंगा शेळीला उन्हाळ्यात मोठा आधार देतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हाही आपल्याकडच्या शेळ्या बाभळीखाली तग धरून होत्या. सानेनच्या व्हिडिओत हे दिसणार नाही.

सुका चारा तर तुमच्या शेतातच आहे. तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचे वेल, सोयाबीनची गुळी. शेळी कडब्यापेक्षा तुरीचं भुसकट आवडीनं खाते. मार्च ते जून, चार शेळ्यांना रोज प्रत्येकी किलोभर धरलं तर पाच क्विंटल लागतं. खळं झाल्यावर ते पेटवू नका, विकू नका, पत्र्याखाली कोरडं भरून ठेवा. दुभत्या शेळीला रोज पाव ते अर्धा किलो खुराक द्या. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, थोडी सरकी पेंड, तुरीची चुनी (डाळीचा चुरा) आणि त्यात चमचाभर खनिज मिश्रण व मीठ. लातूर-उदगीरच्या दाळमिलांमुळे चुनी आपल्याकडे सहज मिळते. दोन गोष्टींपासून मात्र जपा. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी शेळीच्या तोंडी लागू देऊ नका, त्यात सायनाइडचं विष तयार होतं आणि ती तासाभरातही मरू शकते. आणि खळ्यावरच्या धान्याच्या राशीपासून ती लांब राहू द्या. पोटभर दाणे खाल्लेली शेळी पोट आंबून दगावते.

गोठ्यासाठी जास्त खर्च नको. एका शेळीला दहा चौरस फूट सावली आणि तिच्या दुप्पट मोकळी जागा पुरते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, जमीन उंच आणि कोरडी ठेवा, पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्या पसरा. नवी शेळी आणली की तीन आठवडे वेगळी बांधा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस चुकवू नका. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत खाऊन धडधाकट शेळ्या एका रात्रीत मरतात त्या याच रोगानं. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस एकदा दिली की तीन वर्षं काम करते. दोन्ही सरकारी दवाखान्यात विचारा. जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, डॉक्टरांना वजन सांगून घ्या.

अनुदानाची दहा शेळ्या आणि एक बोकड अशी योजना आहे, त्यासाठी कोणी आग्रह करेल. तुमच्या चाऱ्यावर दहा शेळ्या जगणार नाहीत. अनुदानासाठी गोठा भरू नका. चार शेळ्यांचे विमे मात्र उतरवा आणि कानातला बिल्ला पडू देऊ नका. बिल्ला नसला की भरपाई अडते.

आता सासऱ्यांचं. या प्रश्नाबद्दल मला तुमचं फार कौतुक वाटलं, कारण बहुतेक लोक शेळ्या घरी आल्यावर यावर विचार करतात. व्याल्याशिवाय दूध नाही, आणि होणाऱ्या करडांतले साधारण निम्मे बोकड असणार. चार शेळ्यांचे, जुळी धरून, वर्षाला तीन-चार बोकड होतील. दुधाच्या शेळीचे एक-दोन चांगले बोकड पैदाशीसाठी विकता येतील. तुम्ही दूध मोजून वहीत लिहिलंत तर शेळीपालक अशा बोकडाला चांगला भाव देतात. पण सगळे पैदाशीला जातील असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. उरलेले कोणाच्याही हातून गेले तरी शेवटी कापलेच जातात. हे सासऱ्यांसमोर आज बोला, शेळ्या आणण्याआधी. त्यांना ते मुळीच चालत नसेल तर चारऐवजी दोनच शेळ्या ठेवा, म्हणजे वर्षाला एक-दोन बोकडांचाच प्रश्न उरेल आणि ते पैदाशीला देणं शक्य होईल. दूध कमी मिळेल, पण घरात रोज एका माणसाचं मन दुखवून मिळवलेलं दूध कोणाला गोड लागणार?

आणि बाळाचं. आठ महिन्यांच्या बाळाला शेळीचं दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नका. त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असतं आणि त्यावरच वाढवलेल्या बाळांना रक्तक्षय होतो. वर्ष पूर्ण होईपर्यंत जाऊबाईंचं दूध आणि सोबत वरण-भात, नाचणीची पेज, कुस्करलेली फळं. आईचं दूध कमी पडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वर्षानंतर चालेल, पण उकळूनच. डेंग्यूच्या दिवसांत शेळीचं कच्चं दूध मागायला लोक दारात येतील. त्यांनाही उकळून प्यायला सांगा. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिसचा ताप माणसाला लागतो आणि तो महिनोन्महिने पाठ सोडत नाही. एखादी शेळी दिवस भरण्याआधी गाभडली तर तिचं दूध बंद करा, वार आणि पडलेलं करडू उघड्या हातानं उचलू नका आणि तिचं रक्त तपासायला द्या.